एकोणीस तास बावीस मिनिटं

बाराव्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, माझ्या सुनेनं माझ्या मुलाच्या गळ्यातलं स्टॉपवॉच काढून घेतलं आणि लंगोटांच्या बादलीत टाकलं. बादलीत पाणी होतं आणि बाकीचंही होतं. मुलगा बादलीपाशी उभा राहून आत बघत राहिला. हात घालायचा की नाही, याचा त्यानं जितका वेळ विचार केला तितका लग्नाचाही केला नव्हता.

हे मी सुनेच्या बाजूनं सांगतोय. आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या वेळी मी तिच्या बाजूला नव्हतो. मी सोफ्यावर होतो.

मूळ भानगड अशी. सून बस डेपोत वेळापत्रकं लिहिते. एकशे चाळीस गाड्या, कुठली कधी सुटणार, कुठे किती थांबणार, कुठला चालक कुठे उतरणार आणि दुसरा कुठे चढणार, हे सगळं तिच्या डोक्यात. डेपोत तिला ‘वेळापत्रकवाली’ म्हणतात आणि चालक मंडळी तिच्याकडून फुकटचं एक मिनिट काढू शकत नाहीत. मुलगा टूथब्रशच्या कारखान्यात टाइम स्टडी करतो. म्हणजे कामगार काम करत असताना हा घड्याळ घेऊन शेजारी उभा राहतो आणि याच कामाला कमी वेळ लागायला हवा होता, असं लिहून देतो. कामगार त्याला तोंडावर ‘टिकटिक’ म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही.

या दोघांचं जमलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता या घरात एक सेकंद वाया जायचा नाही. मग नात झाली. नाव ठरेपर्यंत तिला ठकी म्हणू या असं ठरलं, आणि नाव अजून ठरतंय.

ठकी झाल्यावर पंधरा दिवसांत सुनेचा आणि घड्याळाचा संबंध तुटला. दुपारी चारला ती विचारायची, “हे आजचे चार की कालचे?” आम्ही हसायचो. आता डावीकडचं झालं, उजवीकडचं राहिलंय, हे तिचं घड्याळ. तोच चहा तीनदा गरम करून तीनदा गार झाला की सकाळ संपली. एकदा मला म्हणाली, “बाबा, दिवस संपता संपत नाही आणि आठवडा कुठे गेला ते कळत नाही. असं कसं होतं?”

मी म्हणालो, “अगं, माझंही तेच. निवृत्त झाल्यापासून वेळ जाता जात नाही.”

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याची दखल मी तेव्हाच घ्यायला हवी होती. मी पेपर घेतला.

बाळ बघायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य घेऊन यायचा. “हे दिवस जपून ठेव गं, भुर्रकन उडून जातात.” आमच्या शेजारणीनं तर डोळे पुसत पुसत सांगितलं. सून ठकीला खांद्यावर टाकून पाठीवर थोपटत होती. म्हणाली, “काकू, कुठून उडतात ते दाखवता का? मी पहाटे तीनपासून खिडकीत बसलेय. एकही उडताना दिसला नाही.” शेजारीण पुन्हा आली नाही. हे सुनेनं घरावर केलेले उपकार आहेत, पण ते आम्हाला पुढे कळले.

सुनेची रजा बारा आठवड्यांची. ती पुढच्या सोमवारी संपणार होती. ठकी बाटलीला तोंड लावत नव्हती. चमच्यानं दिलं तर थुंकायची, आणि दर दीड तासानं तिला आईच लागायची. शिवाय सुनेचे टाके एकदा उसवून पुन्हा घातले होते. ती खुर्चीत बसायची ती एका कुशीवर, चोरासारखी. तिनं आणखी आठ आठवड्यांच्या रजेचा अर्ज केला. सोमवारी कामावर हजर झाली नाही तर जागा जाणार होती, आणि हजर झाली तर पोर उपाशी. मध्ये तिसरं काही नव्हतं.

डेपोच्या साहेबांनी कळवलं, अर्जासोबत दिनक्रमाचा तक्ता जोडा. वाढीव रजेची गरज कागदावर दिसायला हवी.

मुलाचा चेहरा फुलला. “अगं, हे तर माझंच काम!”

तीन दिवस त्यानं घरी टाइम स्टडी केला. पाठीमागे चिमटा असलेली पाटी, तिच्यावर रकाने आखलेला कागद, गळ्यात स्टॉपवॉच. ठकी दूध प्यायला लागली की हा खुर्ची ओढून समोर.

“जरा बाजूला वळतेस? तिचं तोंड दिसत नाहीये. ओढायला नक्की कधी सुरुवात झाली ते लिहायचंय.”

सून वळली. वाद घालायलाही अंगात जीव लागतो.

दूध पिऊन ठकी तिच्या छातीवरच झोपली. मुलानं टक् करून घड्याळ बंद केलं आणि काहीतरी लिहिलं.

“काय लिहिलंस?”

“रिकामा वेळ.”

“ती माझ्या अंगावर झोपलीये.”

“हो, पण तू काही करत नाहीयेस ना.”

“मी हललेसुद्धा नाहीये.”

“मी तेच म्हणतोय.”

आमची ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. आत गेली आणि भांडी आपटली. मला वाटलं, भांडी आहेत, आपटायचीच.

तक्ता मात्र देखणा झाला. दूध पाजणे आठ वेळा, दर वेळी अठरा मिनिटं. ढेकर काढणे आठ वेळा, दर वेळी सहा. लंगोट बदलणे नऊ वेळा, दर वेळी चार. अंघोळ पंचवीस. त्यावर दहा टक्के थकव्याची सूट. ही सूट कारखान्यात फक्त भट्टीवरच्या माणसांना मिळते, बायकोला त्यानं आपणहून दिली, हे तो आम्हाला दोनदा सांगून गेला. एकूण काम, चार तास अडतीस मिनिटं. शिल्लक, एकोणीस तास बावीस मिनिटं. आणि रात्रीच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘प्रत्यक्ष निरीक्षण नाही, परंतु कोणताही आवाज आढळला नाही.’

आवाज कसा आढळेल? त्याची झोप मोडू नये म्हणून सून ठकीला घेऊन रात्रभर बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालायची.

तक्ता त्यानं सुनेला दाखवला नाही. तिला आधीच कमी त्रास आहे का, म्हणून परस्पर डेपोत पाठवून दिला. काही माणसांच्या काळजीपासून देवानंच वाचवावं.

गुरुवारी उत्तर आलं. सोबतच्या तक्त्यावरून आपल्याकडे दररोज एकोणीस तास बावीस मिनिटे मोकळी असल्याचे दिसून येते. सबब अर्ज नामंजूर. सोमवारी सकाळी सातला हजर व्हावे.

सुनेनं ते उभ्यानं वाचलं. ठकीला माझ्या हातात दिलं. मग ती मुलाकडे गेली आणि पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

“अगं, कारखान्याचं आहे ते!” मुलगा ओरडला.

“मग काढ. बादलीत हात घालून घड्याळ काढणे. किती मिनिटं लागतात ते लिही.”

“पण मी आकडे खोटे लिहिलेत का? एक आकडा खोटा दाखव.”

“एकही खोटा नाही,” सून म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. “अठरा मिनिटं म्हणजे अठराच. आणि त्या अठरा मिनिटांच्या आधी ती उठेल का, आत्ता उठेल का, आता तरी झोपेल का, म्हणून मी कान टवकारून बसते, ते कुठल्या रकान्यात लिहिलंस? मी दात घासायला गेले आणि तोंडात फेस घेऊन धावत आले, ते कुठे आहे? तुझ्या कारखान्याचे ब्रश आहेत ना रे? एक ब्रश शेवटपर्यंत तोंडात राहिला असेल तर शपथ.”

“ते मोजता येत नाही,” मुलगा म्हणाला. “सुरुवात आणि शेवट असल्याशिवाय मोजता येत नाही. नियमच आहे तसा.”

“हो ना? नाहीच त्याला शेवट.”

आता मोठ्या माणसानं मध्ये पडायला हवं, असं मला वाटलं. ही माझी खोड. मी म्हणालो, “बाळा, सगळ्यांच्या घरी मुलं होतात. आता हिला विचार, हिनं नाही का वाढवलं? कधी तक्रार ऐकली नाही मी.”

आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात चिमटा होता, त्याचा काही संबंध नव्हता, पण मी पाय वर घेतले.

“विचार म्हणता ना? विचारा. मला विचारा, हा तीन महिन्यांचा असताना कसा दिसायचा.”

“कसा दिसायचा?”

“मला माहीत नाही.”

मुलगा बादलीपासून वळला.

“काही आठवत नाही मला,” ही म्हणाली. “ते तीन महिने माझ्याकडे नाहीतच. आपल्या त्या भाड्याच्या खोलीत छताला एक भेग होती. कोपऱ्यातून निघायची, पंख्याच्या कडीपाशी दोन फाटे फुटायचे, एक फाटा भिंतीवर उतरायचा. ती मी आत्ता तुम्हाला डोळे मिटून काढून दाखवते. पोराचा चेहरा नाही आठवत. चौतीस वर्षं मला वाटलं, माझ्यातच काहीतरी खोट आहे. लोकांना सगळं आठवतं, पहिलं हसू, पहिला दात. मी लोकांचं ऐकून ऐकून तेच सांगायचे. आणि तक्रार ऐकली नाही म्हणता? ऐकायला होतात कुठे? तुम्ही पत्ते खेळायला जायचात. नऊला जायचात आणि आलात की विचारायचात, झोपला का? झोपलेला असायचा हो. तेवढ्यातच झोपलेला असायचा.”

माझ्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच होतं. वर घेतलेले पाय मी तसेच ठेवले.

“आई,” सून म्हणाली.

“तू डेपोत जा,” ही तिला म्हणाली. “उद्याच जा आणि भांडून ये. मी आले असते, पण मी त्या माणसाला मारीन. हे येतील पिशवी उचलायला.” मग मुलाकडे वळली. “आणि तू ती बादली धू.”

शुक्रवारी आम्ही निघालो. सून, तिच्या पोटाशी बांधलेली ठकी आणि मी. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत चार लंगोट, दोन दुपटी, एक रिकामी बाटली जिला ठकीनं कधी तोंड लावलं नव्हतं, आणि सुनेनं रात्रीतून लिहिलेला एक कागद होता. मुलालाही यायचं होतं, पण त्याला वेळ नव्हता.

डेपोच्या मोठ्या खोलीत भिंतीवर ड्यूट्यांचा फळा असतो. फळ्यासमोर चालक उभे होते. सुनेला बघून एक जण म्हणाला, “अरे, वेळापत्रकवाली आली! ताई, परत या हो लवकर, तुमच्या जागी बसवलाय त्यानं मला जेवायला सात मिनिटं दिलीत.” दुसरा म्हणाला, “तुला सातसुद्धा जास्त आहेत, पोट बघ.” सून एरवी हसली असती. ती सरळ साहेबांच्या खोलीत शिरली.

साहेब वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. त्यानं खुर्ची दिली, ठकीकडे बघून जिभेनं टक् टक् केलं आणि म्हणाला, “मॅडम, माझा नाइलाज आहे. तक्ता तुमच्याच घरून आलाय.”

“बरोबर. तक्त्याबद्दलच बोलायला आलेय.” ती बसली, एका कुशीवर. “पुलापलीकडच्या शेवटच्या थांब्यावर गाडी वीस मिनिटं उभी असते. चालक तेव्हा काय करतो?”

“काय करणार? थांबतो.”

“गाडी चालवतो?”

“उभी आहे म्हटल्यावर कशी चालवेल?”

“मग ती वीस मिनिटं त्याच्या ड्यूटीत का धरता?”

“धरावीच लागतात,” साहेब म्हणाला. “गाडी सोडून जाता येत नाही ना त्याला.”

बोलल्यावर तो थांबला. ठकीनं झोपेत तिच्या कुडत्याची कड घट्ट धरली होती. साहेबानं तिकडे बघितलं आणि मग टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीकडे.

“आता दुसरं,” सून म्हणाली. “सही करून सुटल्यापासून सलग नऊ तास विश्रांती झाल्याशिवाय चालकाला पुढची ड्यूटी देता येत नाही. हा नियम मीच दरवर्षी टंकून भिंतीवर लावते. सलग नऊ तास आणि गाडीपासून लांब. बाबा, कागद द्या.” मी कागद दिला. “ही माझी ड्यूटी. बाळ जन्मलं त्या सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सुरू. सुटल्याची वेळ कोरी आहे. मी अजून सुटलेच नाहीये, साहेब. सर्वांत लांब विश्रांती दोन तास पाच मिनिटं, तीही एकदाच. मी न सुटता तुम्ही मला सोमवारी सातला दुसरी गाडी देताय. उद्या एखाद्या चालकाला अशी द्याल?”

“नियम चालकांना आहे, मॅडम. तुम्ही कार्यालयात आहात. तुम्ही कुठे गाडी चालवता?”

“मी एकशे चाळीस चालवते.”

“भावनेच्या भरात...”

“मी भावनेत नाहीये. मी रागात आहे. दोन्ही वेगळं आहे.”

साहेब तेव्हा दुखावला. त्यानं कपाट उघडलं, एक फाईल काढली आणि तिच्यापुढे सरकवली. “हे बघा. मला हे काढायचं नव्हतं. तुमची इज्जत राखली होती मी. हे तुमचंच काम ना?”

कागद मला लगेच ओळखू आला. आठव्या आठवड्यात साहेबाचा फोन आला होता. फार काही नाही, चौदा नंबरचं तेवढं एका आठवड्याचं घरूनच करून द्या, तुमच्याशिवाय कुणाला जमत नाही. सुनेनं जेवणाच्या टेबलावर, ठकीला खांद्यावर टाकून, एका हातानं ते लिहिलं. मी त्या वेळी मदत म्हणून चार मिनिटं खुळखुळा वाजवला होता.

कागदावर सात रकाने होते. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. मग पुन्हा गुरुवार. मग शनिवार, रविवार.

“शुक्रवार नाही,” साहेब म्हणाला. “चालक शुक्रवारी फळ्यापाशी आले, चौदा नंबरला शुक्रवार नाही म्हणाले आणि घरी गेले. चालकांना तर काय, आयतंच मिळालं. लोक थांब्यावर दुपारपर्यंत उभे होते. अकरा वर्षांत अशी चूक तुमच्या हातून झाली नाही. घरी एकोणीस तास मोकळे असून लक्ष कुठे होतं तुमचं?”

सुनेनं कागद उचलला. एकेका रकान्यावर बोट फिरवलं. तिचे कान लाल झाले होते, आणि मला वाटलं, आता ही रडणार, आता संपलं. मला उठून ‘साहेब, जाऊ द्या’ म्हणायची फार इच्छा झाली. आयुष्यभर मी सगळीकडे उठून तेच म्हणत आलोय.

“तो शुक्रवार मला आठवत नाही,” ती हळू म्हणाली. “खरंच आठवत नाही. झाला असेल. माझ्याकडे गुरुवारच दोन दिवस चालला.” मग तिनं कागद उलटा करून साहेबापुढे ठेवला आणि खाली बोट टेकवलं. “ही सही कुणाची?”

साहेबानं फाईल मिटली.

“मी रजेवर होते. रजेवरच्या माणसाकडून तुम्ही काम करून घेतलंत. टाके पुन्हा घातल्याला तेव्हा सहा दिवस झाले होते, हे मी फोनवर सांगितलं होतं, तुम्ही म्हणालात, बसूनच तर करायचंय. मी दोन गुरुवार लिहिले, मला झोप नव्हती. तुम्ही रात्रभर झोपून आला होतात. तुम्ही वाचून सही केलीत. तुमचा शुक्रवार कुठे गेला?”

खिडकीबाहेर एक गाडी मागे घेत होते. कुणीतरी “येऊ दे, येऊ दे” ओरडत होतं.

“घाईत होतो,” साहेब म्हणाला.

“ही चूक कुणी वर कळवलीये?”

“नाही. म्हटलं ना, तुमची इज्जत...”

“माझी?” सून म्हणाली. इतक्या मोठ्यानं की ठकी दचकून जागी झाली आणि तिनं भोकाड पसरलं. सुनेनं आपला आवाज तिच्या वर नेला. “कळवा वर! आजच कळवा! खाली माझं नाव आणि तुमची सही. सोबत हा कागद जोडा, आणि माझ्या नवऱ्याचा तक्ताही जोडा, सुरेख काढलाय त्यानं! आणि सोमवारी मला सातला बसवा. मी एकशे चाळीस गाड्यांचं लिहीन. पूल एकेरी आहे, साहेब. त्यावर दोन्हीकडून गाडी सोडायला मला एक रकाना चुकायचा आहे फक्त. सही तुमचीच असेल!”

दारात दोन चालक येऊन उभे राहिले होते. जेवणाच्या सात मिनिटांतली काही मिनिटं त्यांनी आमच्यावर खर्च केली.

मी उठलो. म्हणायचं ते वेगळंच तोंडातून आलं. “साहेब, मी त्या घरात राहतो. मला काही काम नसतं, म्हणून सांगतो. एकोणीस तास बावीस मिनिटं मोकळी आहेत ती माझी. तक्ता चुकून हिच्या नावावर लागला. पाहिजे तर मला सोमवारी बोलवा.”

दारातला पोटवाला चालक हसला. साहेब हसला नाही. त्यानं तो दोन गुरुवारांचा कागद घडी करून खिशात घातला, अर्ज पुढे ओढला आणि ‘नामंजूर’मधलं ‘ना’ दोन रेघांनी खोडायला लागला. माणुसकी आली की भीती, हे मला सांगता येणार नाही. हात एकच असतो.

“आठ आठवडे?”

“आठ.”

“कागद खिशात घालू नका,” सून म्हणाली. “फाईलला लावा.”

त्यानं काढला. फाईलला लावला.

“हजर होण्याची तारीख तुम्ही भरा,” साहेब म्हणाला आणि पेन तिच्याकडे दिलं. “सोमवारपासून पुढे आठ आठवडे.”

सुनेनं ठकीला एका हातावर घेतलं, कुडतं वर केलं, तिला लावलं. ठकी गप्प झाली. मोकळ्या हातात पेन धरून सून त्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिली. एकशे चाळीस गाड्यांच्या चार चार महिन्यांच्या फेऱ्या जी तोंडी जुळवायची, तिचे ओठ हलत होते, पुन्हा पहिल्यापासून हलत होते, आणि तारीख येत नव्हती.

“आज कितवी?” तिनं विचारलं.

साहेबानं सांगितलं. मग टेबलावरचं कॅलेंडर उचलून तिच्यासमोर धरलं आणि सोमवारावर बोट ठेवून एक एक आठवडा खाली उतरू लागला. पान संपलं, ते त्यानं उलटलं. सात. आठ.

“हसू नका,” सून म्हणाली.

कोणी हसत नव्हतं. दारातले चालकही नाहीत.

तिनं तारीख लिहिली, खाली दोनदा रेघ मारली, आणि कागद साहेबाच्या अंगावर सरकवला.

“वाचा,” ती म्हणाली. “नीट वाचून मग सही करा.”